बाई लांबून म्हणतात

माझ्या कपाटाचा वरचा खण इअरफोननी भरलेला आहे आणि त्यातला एकही महागाचा नाही. माझा नवरा त्या खणाला गांडुळखत म्हणतो. त्याला काय कळतंय. महागडा इअरफोन चांगला वाजतो हे सांगायला कुणी जाणकार लागत नाही. स्वस्तातल्या ढिगातून चांगला वाजणारा आणि कानाला न दुखवणारा हुडकून काढायचा, यात खरी मजा आहे. कोवळी भेंडी निवडून घेणाऱ्या बाईला ही मजा लगेच कळेल, नवऱ्याला कळणार नाही, कारण तो भेंडीही पिशवी धरून उभा राहतो आणि भाजीवालीने घातली तशी घरी आणतो.

हा नाद मला एसटीने लावला. नोकरीसाठी काही वर्षं मी नाशिकहून सटाण्याला जाऊन-येऊन होते. सोमवारी सकाळी सीबीएसवरून गाडी पकडायची, शनिवारी परत. खिडक्यांच्या काचा खडखडतात, कुणीतरी फोनवर कांद्याचा भाव ओरडून विचारत असतं, आणि देवळा येईपर्यंत निम्म्या गाडीला तुमच्या घरी कोण कोण असतं ते माहीत झालेलं असतं. अशा गाडीत जो इअरफोन टिकला तो टिकला. माझ्या परीक्षा ठरलेल्या होत्या. ढोलकी ढोलकीसारखी वाजली पाहिजे, बंद दारावर धपाधप बुक्क्या मारल्यासारखी नाही. बाईच्या आवाजातले स आणि श कानात सुईसारखे शिरता कामा नयेत. वायर ओढणीला घासली तर कानात खरखर होता कामा नये. आणि शेवटची, सगळ्यात अवघड परीक्षा म्हणजे कानात काहीतरी घातलंय हे मधेच विसरायला झालं पाहिजे.

एकदा शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मी काय ऐकतेय ते ऐकायला मागितलं. मी दोन्ही बोंडं त्यांच्या कानात बसवली. त्यांनी डोळे मिटून अर्धं गाणं ऐकलं, मग काढून माझ्या हातात देत अहिराणीत म्हणाल्या, "आवाज चांगला शे, पण कान दुखस." मी नंतर नेटवर इअरफोनची लांबलचक परीक्षणं पुष्कळ वाचली. एवढं नेमकं कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, आणि तो इअरफोन मी त्याच आठवड्यात खणात टाकला.

तर अशी मी या विषयातली घरची तज्ज्ञ. त्यामुळे गेल्या वर्षी आईने मला फोन केला तो या तज्ज्ञपणासाठीच. फक्त मला ते आधी कळलं नाही, कारण आई म्हणाली, "मला कानातलं घ्यायचंय."

मी खूश झाले. आईने स्वतःसाठी दागिना मागितल्याचं मला आठवत नाही. तिच्या कानात लग्नातल्या मोत्याच्या कुड्या आहेत आणि त्या तिथेच असतात. मी लगेच म्हटलं, शनिवारी सराफ बाजारात जाऊ, टॉप्स बघू, नाहीतर छान झुबे बघू.

"अगं ते नाही," आई आवाज खाली आणून म्हणाली. "गाण्याचं कानातलं. तू घालतेस ते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आई आमच्या मखमलाबाद नाक्याकडच्या कॉलनीतल्या महिला भजनी मंडळात आहे. मंडळाला पेटीवर शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना सगळ्या नुसतं बाई म्हणतात. एकीने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून झील धरायची, म्हणजे तिची ओळ संपली की धृपद उचलून म्हणायचं, अशी पद्धत. आई कायम मागे. मागच्या रांगेत, खांबाजवळ, झील धरणाऱ्यांत. पुढे म्हणणाऱ्या काकू मुलाकडे राहायला पुण्याला गेल्या, आणि मंदिराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात बाईंनी स्वतः चाल लावलेली नवी गौळण पुढे कुणी म्हणायची हा प्रश्न आला. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आईकडे बोट केलं.

"मी म्हटलं, मला कसं जमणार," आई सांगत होती. "तर म्हणाल्या, जमेल. रेकॉर्डिंग पाठवते, रोज ऐका." मग म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस. जमलं तर मी सांगीन."

ह्यांना म्हणजे बाबांना. बाबा निवृत्त झाल्यापासून दिवसभर पुढच्या खोलीत असतात, त्यामुळे मोबाइलवर मोठ्याने गौळण लावायची सोय नव्हती. म्हणून कानातलं. मला असा काही आनंद झाला की मी फोन ठेवल्यावर उगाचच सगळं घर आवरलं.

पहिला इअरफोन मी माझ्या खणातूनच दिला. नवाकोरा होता, वाया का घालवा. आईने तो घातला, मी माझ्या मोबाइलवरचं एक जुनं गाणं लावलं, आणि ती म्हणाली, "पिठाच्या गिरणीत बसून ऐकतेय असं वाटतंय." बरोबर होतं तिचं. त्यात ढबढब फार होती. दुसरा महात्मा गांधी रोडवरच्या दुकानातून आणला. त्याचा आवाज सुरेख होता पण बोंड मोठं, आणि आईचे कान आहेत लहान मुलीसारखे. पाचच मिनिटांत कान लाल. दुकानदाराकडून सगळ्यात छोटी रबरं मागून आणली. वायर कुडीत अडकायला लागली, तर मी ती कानावरून मागे घ्यायला शिकवली. तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टरीण झाले." पण तशी बसवल्यावर वायर अडकेना, टोचेना. माझ्यासमोर तिने दोन गाणी ऐकली आणि छान आहे म्हणाली. मी विजयी मुद्रेने घरी आले.

दुसऱ्या दिवशी फोन. "सगळं छान आहे गं, पण बाई लांबून म्हणतात."

"लांबून म्हणजे?"

"मागच्या बायकांचा आवाज स्वच्छ येतो. बाई आपल्या पलीकडच्या घरात बसून म्हणताहेत असं वाटतं. शब्दच पोचत नाहीत."

तज्ज्ञ माणसाला अशा वेळी किती बरं वाटतं म्हणून सांगू. माझं निदान लगेच झालं. स्वस्तातल्या इअरफोनमध्ये हा दोष असतोच, ढोलकी आणि टाळ पुढे काढतात आणि माणसाचा आवाज मागे ढकलतात. मी आईला हे समजावून सांगितलं, तिने हो हो म्हटलं, आणि मी तिसरा आणला. त्यात गाणाऱ्याचा आवाज अगदी जवळ यायचा, श्वास घेतलेला कळायचा. माझ्यासमोर आईने ऐकला, मान डोलावली. दुसऱ्या दिवशी फोन आला की बाई लांबच आहेत.

चौथ्यालाही बाई लांबच. माझं डोकं फिरायची वेळ आली. मी आईला म्हटलं, त्या बाईंना म्हणावं जरा मोठ्याने गा. आई म्हणाली, "त्या गातात गं मोठ्याने. प्रत्यक्षात खणखणीत आहेत." तालमीत तर तिची पंचाईतच व्हायला लागली होती. पेटी सुरू झाली की तिच्या तोंडून पुढे म्हणायची ओळ यायच्या ऐवजी झिलीची ओळ यायची. बायका हसायच्या. कुणी वाईट मनाने हसत नव्हतं, पण आई घरी आली की लगेच रेकॉर्डिंग परत लावायची.

शेवटी मी तिच्याकडून ते रेकॉर्डिंग मागवून घेतलं आणि माझ्या सगळ्यात विश्वासू इअरफोनवर स्वतः ऐकलं. बाईंच्या भाच्याने दोन मोबाइल ठेवून ते केलं होतं, एक बाईंच्या पेटीपुढे आणि एक मागच्या बायकांपुढे, आणि मग एक एका कानात, दुसरं दुसऱ्या कानात येईल असं जोडलं होतं. पोराने काम झकास केलं होतं. बाई माझ्या उजव्या कानाशी बसून गात होत्या, इतक्या जवळ की त्यांच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या. बायका डाव्या हाताला. मी बाई आणि त्या बायका यांच्या मधोमध बसल्यासारखी होते आणि मला ते फार आवडलं.

मग मी रेकॉर्डिंग मधेच बंद केलं. बाई उजव्या कानात आहेत आणि आईला त्याच ऐकू येत नाहीत.

माझी मावशी, आईची थोरली बहीण, आईपेक्षा थोडीच मोठी आहे. तिला ऐकू येईनासं झालं ते असंच एका बाजूने सुरू झालं होतं. आता लग्नाकार्यात ती सगळ्यांकडे बघून सारखं हसते, कारण कोण काय म्हणालं ते तिला कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. मी आईला शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, एकदा कान दाखवून येऊ, मळबिळ असेल. पण आईला काय ते लगेच समजलं.

"ताईसारखं झालं ना माझं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, काहीतरीच काय. शनिवारची कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पण आईचा निर्णय तोवर झालेला होता. ती बाईंना फोन करून सांगणार होती की माझ्याऐवजी दुसरी कुणी तरी बघा. मी म्हटलं, निदान शनिवारपर्यंत थांब. तर म्हणाली, "त्यांना दुसरीला तयार करायला वेळ नको का? शुक्रवारी तालीम आहे. त्याच्या आधी सांगितलेलं बरं. चारचौघांत फजिती नको." तिच्या आवाजात जराही तक्रार नव्हती. मागच्या रांगेत परत जाऊन बसायची तिची तयारी झाली होती आणि त्याचंच मला जास्त रडू येत होतं.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी आईकडे गेले. तिला फोन करू द्यायचा नाही एवढंच मनात होतं, पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. "आत आहे, गवार मोडतेय," ते पेपराच्या मागूनच म्हणाले.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी आई बसली होती. समोर गवारीची परात, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. तिच्या डाव्या कानात इअरफोन होता. उजव्या कानातला मात्र कानात नव्हताच. तो तिने पदराखालून घेऊन खांद्यावरच्या पिनेला नीट अडकवून ठेवला होता.

मी दारातच उभी राहिले. "आई, दुसरा का नाही घातलास?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी येडचाप विचारलंय. "दोन्ही कोंबून बसले तर घरात कोण? बेल कोण ऐकणार? कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार? भाजीवाली तर एकदाच ओरडते नि पुढे जाते."

"म्हणजे तू रोज असंच ऐकतेस?"

"मग कसं ऐकतात?"

"अगं, पण माझ्यासमोर तर दोन्ही घालायचीस!"

"तेव्हा तू असतेस ना घरात," आई म्हणाली.

इतक्यात बाहेरून बाबांची हाक आली. "ऐकलंस का?" ते आईला नावाने हाक मारत नाहीत, कधीच मारली नाही. हाक पुरी व्हायच्या आधीच आईची मान दाराकडे वळलेली होती. उजवा कान दाराकडे येईल अशीच ती बसली होती, खुर्ची मुद्दाम तशी लावून. "बोला," ती म्हणाली. बाबांनी विचारलं की आज वार कुठला. "गुरुवार," आई म्हणाली आणि परत गवार मोडायला लागली. पेपर हातात असलेला माणूस वार विचारत होता.

मला हसू फुटलं. मी खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चार इअरफोन, माझं ते मागे पडलेल्या आवाजाचं भाषण, डॉक्टरांची वेळ! आईचा कान गेलेला नव्हता. तो कामावर होता. बाई तिच्या उजव्या कानात गात होत्या आणि तो कान तिने त्यांना कधी दिलाच नव्हता. बायकांच्या मोबाइलमध्ये लांबून शिरलेला बाईंचा आवाज सोडला तर तिला मिळत होत्या फक्त मागच्या बायका, ज्यांच्यात ती जन्मभर बसली होती, आणि म्हणून तिने मन लावून, रोज, पुन्हा एकदा झीलच पाठ केली होती.

मी तिला हे सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मी पिनेतून तो दुसरा सोडवला आणि म्हटलं, "आता घर मी ऐकते. तू हा घाल." तिने घातला. मी गौळण पहिल्यापासून लावली.

मग तिने उजवा हात उचलून आपल्या खांद्याजवळच्या हवेत धरला, कुणी शेजारी बसलंय का ते चाचपल्यासारखा. "अगंबाई," ती म्हणाली, "या तर इथंच आहेत." आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवायचं कशाला.

गौळण संपली. तिने ती स्वतःच परत लावली, डोळे मिटले आणि बाईंबरोबर म्हणायला लागली. इअरफोन घातलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने गातोय ते कळत नाही. एसटीत कितीतरी पोरं अशी बेसूर रेकताना मी ऐकली आहेत. आई बेसूर नव्हती. पण मोठ्याने म्हणजे किती मोठ्याने! मागच्या रांगेत खांबाजवळ बसून, शेजारणीच्या आवाजाबाहेर आपला आवाज जाणार नाही अशा बेताने गायलेली माझी आई भांड्यांची मांडणी दणाणून सोडत होती. मला वाटायचं मला तिचा आवाज माहीत आहे. मला तिच्या बोलण्याचा आवाज माहीत होता.

बाबांनी बहुतेक मधे हाक मारली असावी. घर मी ऐकते म्हटलं होतं, पण मीही काही ऐकलं नाही. पावलं वाजली तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे.

"मला वाटलं तू काहीतरी लावलंयस," ते मला हळूच म्हणाले. "ही म्हणतेय?"

मी मान हलवली. त्यांनी मला हाताने तिथेच थांबायची खूण केली आणि स्वतः चौकटीला धरून उभे राहिले. मला काही तरी सांगायचं होतं ते त्यांनी सांगू दिलं नाही.

आईने शेवटची ओळ दोनदा घेतली आणि डोळे उघडले. समोर बाबा. तिने गडबडीने दोन्ही कानांतलं ओढून काढलं, एक कुडीत अडकलंच. "हाक मारलीत का? ऐकलं नाही हो मी."

"मी ऐकलं," बाबा म्हणाले.

आई कुडीत अडकलेली वायर सोडवायला लागली. मग मीच सांगितलं, की ही कार्यक्रमात पुढे म्हणणार आहे, आणि आज फोन करून नको म्हणून कळवायला निघाली होती. आई परातीकडे बघत म्हणाली, "जमलं तर सांगणार होते तुम्हाला."

"कुणाला फोन करायचा नाही," बाबा म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि परात स्वतःकडे घेतली. गवार कशी मोडतात ते त्यांना येत नव्हतं. पहिली शेंग त्यांनी शिरेसकट तशीच टाकली. "परत म्हण. बेल वाजली तर मी बघतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या कानातलं घातलं. उजव्या कानातलं हातात धरून ती जरा वेळ बाबांकडे बघत राहिली. बाबा मान खाली घालून शेंगा मोडत होते. तिने तेही घातलं आणि नीट बसेपर्यंत बोटाने दाबून धरलं.